साहेब पडलेच नाहीत

साहेब पडले. आमच्या गल्लीतल्या गटारात, मांडीपर्यंत, नव्या चकचकीत बुटांसकट, भर सकाळी, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत पडले. पुजारीबुवा, मौलाना आणि फादर या तिघांनी मिळून त्यांना वर ओढून काढलं आणि त्यांची पँट मी माझ्या हाताने धुऊन, वाळवून, कडक इस्त्री करून दिली.

तर असं काही झालेलं नाही.

साहेब कुठल्याही गटारात पडलेले नाहीत. गल्लीत कोणालाही विचारा. पुजारीबुवांना विचारलंत तर ते आभाळाकडे बघतील. मौलाना हवापाण्याचा विषय काढतील. फादर उलट तुमच्याच तब्येतीची चौकशी करतील. आत्याला मात्र विचारू नका. तिच्या तोंडात टाचण्या असतात, हसता हसता एखादी गिळायची.

आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या, पण सगळी गल्ली तिला आत्याच म्हणते, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. ती कपडे शिवते, मी इस्त्री करतो. गल्लीच्या या टोकाला देऊळ, त्या टोकाला चर्च, मध्ये वळणावर मशीद आणि वळणाच्या अलीकडे आमचं दुकान. सगळ्यांच्या पुढून एकच गटार जातं. ते कोणाचं पाणी आहे हे न विचारता पुढे नेतं. गल्लीत एवढी समदृष्टी तेव्हा फक्त गटारातच होती. बाकी बुवा, मौलाना आणि फादर रस्त्यात समोरासमोर आले की मान हलवायचे आणि आपापल्या बाजूने निघून जायचे. भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं.

तिघांत सामायिक अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे शिंपीण. बुवांचे सदरे, मौलानांचे झब्बे आणि फादरचे पायघोळ झगे, सगळं आत्याच शिवायची. देव तिघांचे वेगळे असतील, पण पोटाचा घेर तिघांचाही आत्यालाच ठाऊक.

मागच्या वर्षी आत्या पडली. हे पडणं झालेलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे गोंधळ होतो. तिघांचे तयार कपडे हातावर घेऊन ती दुकानातून निघाली आणि दाराबाहेरच उघड्या गटारात गेली. बुवांनी देवळाच्या ओट्यावरून पाहिलं. मौलानांनी वळणावरून पाहिलं. फादरनी खिडकीतून पाहिलं. तिघांनाही मनापासून वाईट वाटलं आणि तिघांनाही वाटलं की बाकीच्या दोघांपैकी कोणीतरी जवळ आहे, तो जाईल. मी दुसरीकडचे इस्त्रीचे कपडे पोचवून परत आलो तेव्हा आत्या गटारात बसून शिव्या देत होती आणि त्या तीन दिशांना अगदी सारख्या वाटत होती. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही.

खुब्याचं हाड मोडलं. ती काठी घेऊन चालायला लागल्यावर पहिली कुठे गेली असेल तर साहेबांच्या ऑफिसात. आमच्या भागातले रस्ते, दिवे आणि गटारं साहेबांकडे असतात. मी सोबत होतो. आत्याने नुकसानभरपाई मागितली नाही, औषधपाणी मागितलं नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की मी पडले, हे कुठेतरी लिहा.

साहेब फार सभ्यपणे बोलले. सभ्य माणसाचा राग धरायला पकडच मिळत नाही.

"बाई, त्या गल्लीतलं गटार झाकलेलं आहे. झाकणं केव्हाच बसवली. कागदोपत्री तुम्ही पडूच शकत नाही."

"मग हे हाड कशाने मोडलं?"

"हाड हा तुमचा खाजगी प्रश्न आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी आम्हाला पाणी विचारलं.

झाकणं बसवली होती ही गोष्ट खरीच होती. काही दिवसांनी इस्त्रीचे कपडे द्यायला मी साहेबांच्या नव्या घरी गेलो तेव्हा ती मला भेटली. फाटकापासून पायरीपर्यंत ओळीने अंगणात बसवली होती. चालायला फार छान. उचलायच्या लोखंडी कड्यासुद्धा काढल्या नव्हत्या, त्यात साहेबांच्या बायकोने झेंडूची रोपं टेकवली होती.

मी घरी येऊन आत्याला सांगितलं. तिने मशीन थांबवलं, दोरा तोडला आणि म्हणाली, "तो पडला पाहिजे." मग पुन्हा मशीन सुरू केलं. पुढचे काही महिने ती एवढं एकच वाक्य बोलत होती असं म्हटलं तरी चालेल. भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तरी, तो पडला पाहिजे.

पण बदला घ्यायचा तर आधी हिशेब घरातल्यांचा, आणि गल्ली म्हणजे तिच्या लेखी घरच. बुवा, मौलाना आणि फादर यांना तिने नवे कपडे मापाला घालून बघायला बोलावलं. तिघांना एकाच दिवशी, एकाच वेळी. प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच आहोत.

आमचं दुकान म्हणजे एक खोली. त्यात एक मशीन, एक कापायचं टेबल, एक इस्त्रीचं टेबल आणि त्या दिवशी तीन धर्म. आत्याने तिघांना ओळीत उभं केलं, अर्धवट शिवलेले कपडे अंगावर चढवले आणि टाचण्या लावायला घेतल्या. काखेत, मानेशी, कमरेला, बाहीला. लावून झाल्यावर ती दारात स्टूल टाकून बसली आणि काठी आडवी धरली.

"हलू नका," ती म्हणाली. "हललात तर टोचतील. आता एकेकाने सांगा. मी गटारात होते तेव्हा तुम्ही कुठे होता?"

जगात धार्मिक सलोख्याच्या पुष्कळ परिषदा होत असतील, पण कोणी हात वर करू शकत नाही अशी ही पहिलीच. बुवांनी मान खाली घालायचा प्रयत्न केला, टाचणी टोचली, मान परत वर आली. अशा ताठ मानेनेच तिघांनी माफी मागितली. आत्याने ती ऐकून घेतली, मंजूर केली असं म्हणता येणार नाही. मग तिने विचारलं की इतकी वर्षं गटारावर झाकण नाही हे तुम्हाला तिघांनाही दिसतंय, तर साहेबांकडे कोणी गेलं होतं का.

बुवा म्हणाले, मी गेलो होतो. साहेब म्हणाले, माझी तयारी आहे हो, पण मशीद आणि चर्च या दोघांची हरकत आहे.

मौलाना म्हणाले, मीही गेलो होतो. मला सांगितलं, देऊळ आणि चर्चची हरकत आहे.

 फादर हळूहळू लाल होत गेले. शेवटी म्हणाले की मला बाकी दोघांचं सांगितलं आणि वर हेही सांगितलं की त्यांना विचारू नका, उगीच भावना दुखावतील. म्हणून मी नाही विचारलं.

"आम्हीपण नाही विचारलं," बुवा आणि मौलाना एकदमच म्हणाले.

 मग मौलाना हसायला लागले. त्यांना हसताना पाहून फादर, मग बुवा. हसताना अंग हलतं, अंग हललं की टाचण्या टोचतात, त्यामुळे ते तिघं हसत होते आणि ओय ओय करत होते. आत्या मात्र हसली नाही.

"तो पडला पाहिजे," ती म्हणाली.

आता ही देवाची माणसं. एखाद्याला गटारात पाडायचं म्हटल्यावर त्यांची अडचण झाली. बराच वेळ खल चालला आणि शेवटी प्रत्येकाने एक एक अट घातली. बुवा म्हणाले, ढकलायचं नाही. मौलाना म्हणाले, खोटं बोलायचं नाही, एक शब्दही नाही. फादर म्हणाले, पडल्यावर वर काढायचं. आत्याने तिन्ही अटी मान्य केल्या. फक्त तिसरीला पुरवणी जोडली, की वर काढायची घाई करायची नाही.

ठरलं ते असं. गटारावर झाकणं आपणच घालायची. तिन्हीकडच्या माणसांनी मिळून. आत्या पडली तेवढी जागा सोडून. ती जागा साहेबांसाठी राखीव.

काम सुरू झालं. मशिदीच्या आवारात सिमेंट कालवायचं, देवळाच्या पायऱ्यांवर वाळू चाळायची, चर्चच्या विहिरीतून पाणी आणायचं. गटाराची रुंदी तिघांनी तीन सांगितली आणि तिघंही आपापल्या आकड्यावर ठाम राहिले, तेव्हा आत्याने गळ्यातली टेप काढली आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं गटाराचं माप घेतलं. म्हणाली, कमरेत सुटलंय, उंची बेताची आहे, शिलाईत थोडं जास्त सोडा.

कधी बोलत नसलेली माणसं बोलायला लागली की फार बोलतात. फादर वाळू चाळताना गातात आणि बेसूर गातात हा शोध लागला. बुवांना सिमेंटचं प्रमाण कळतं पण वळणं कळत नाहीत. मौलाना फावडं मारतात तेव्हा सगळे दोन पावलं मागे सरकतात. आत्या काठी टेकत फिरायची, कामावर नजर ठेवायची आणि कोणी "किती छान, सगळे एकत्र आले" असं म्हटलं की सांगायची, छान वगैरे काही नाही, सूड चाललाय. बघणारे हसायचे. त्यांना वाटायचं आत्या गंमत करते.

वळणापर्यंत झाकणं झाली, मग दुसऱ्या टोकापर्यंत झाली. देवळातल्या आजीबाई संध्याकाळी चर्चच्या बाकापर्यंत चालत जायला लागल्या. पोरं गटारावरून सायकली चालवायला लागली. शेवटचं झाकणही तयार झालं आणि ते आम्ही इस्त्रीच्या टेबलाखाली उभं करून ठेवलं. माझे पाय त्यावर आपटायचे, पण सुडासाठी माणसाने एवढं सोसायला हवं.

साहेबांना पहिल्यांदा ही बातमी लागली तेव्हा ते घाबरले, कारण तिघं एकमेकांशी बोलतायत. नंतर सलोख्याचा काहीतरी पुरस्कार असतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं. एखाद्या अधिकाऱ्याच्या भागात वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी मिळून लोकोपयोगी काम केलं तर त्या अधिकाऱ्याला मिळतो. साहेब दुसऱ्याच दिवशी दुकानात. बसले, चहा प्यायले आणि म्हणाले की या उपक्रमामागे माझीच प्रेरणा आहे, असं पाहणीला येणाऱ्या बाईंना सांगायला तुमची काही अडचण नाही ना.

"अजिबात नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही नसता तर हे झालंच नसतं."

मौलानांनी हळूच मान हलवली. वाक्य खरं होतं.

पाहणीच्या दिवशी सकाळी गल्ली झाडून ठेवली होती. राखीव जागेवर आत्याने एक कापड ताणून बांधलं होतं. सदरा, झब्बा आणि झगा यांच्या उरलेल्या तुकड्यांचं, फार सुबक. उगीच लहान पोर पडायला नको म्हणून चारही बाजूंना आम्ही खुर्च्या ठेवल्या होत्या. पुरस्काराच्या बाई गाडीतून उतरल्या. त्या फार वक्तशीर होत्या. पाहणीचा अहवाल त्यांनी गाडीतच लिहून, सही करून टाकला होता. झाकणं व्यवस्थित, सलोखा उत्तम.

साहेब पुढे आणि आम्ही सगळे मागे. कापडापाशी ते थांबले. त्यांना वाटलं अनावरण आहे. त्यांनी एक खुर्ची बाजूला केली.

आत्या पुढे झाली. आवाज खणखणीत. "साहेब, तिथे पाय देऊ नका. कापडाखाली झाकण नाही."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं.

"खरंच नाही," मौलाना म्हणाले.

"गटार उघडं आहे, साहेब," बुवा म्हणाले.

"कृपा करून मागे या," फादर म्हणाले, आणि ते खरोखर कळवळून म्हणाले, त्यांचा स्वभावच तसा.

आता माणूस काय करेल. समोर पुरस्कार उभा आहे, मागून तीन धर्म आणि एक शिंपीण एका सुरात सांगतायत की झाकण नाही. झाकण नाही म्हणावं तर ते बसवल्याचं लिहिणारे आपणच. साहेब बाईंकडे वळून हसले.

"आत्याबाई जरा घाबरतात," ते म्हणाले. "कागदोपत्री इथे केव्हाचं झाकण आहे. हे बघा."

आणि त्यांनी पाय दिला.

कापडाची शिलाई आत्याची होती, त्यामुळे ती उसवली नाही. कापड साहेबांबरोबर अखंड खाली गेलं.

ठरल्याप्रमाणे घाई झाली नाही. बुवांनी आधी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. मौलानांनी झब्बा सावरला. फादर ठरल्यापेक्षा लवकर खाली वाकले, पण आत्याने त्यांच्या झग्यावर काठी टेकवली होती. गटारातून साहेब तिच्याकडे बघत होते आणि ती वरून त्यांच्याकडे. मी तिचा चेहरा पाहिला. त्यात आनंद नव्हता. ती वाट बघत होती. मला वाटतं, तो आता तरी म्हणेल याची, की बाई, तुम्ही इथेच पडला होतात.

साहेब म्हणाले, "हे कोणाला सांगू नका."

"बरं," आत्या म्हणाली आणि तिने काठी उचलली.

तिघांनी साहेबांना वर काढलं. घोट्याचं हाड गेलं होतं. बाई म्हणाल्या की मी काही पाहिलेलं नाही, माझा अहवाल झालेला आहे, आणि गाडीत बसल्या. साहेबांना दवाखान्यात पोचवलं, आणि दुपारच्या आत टेबलाखालचं झाकण उचलून आम्ही त्या जागेवर बसवून टाकलं. चपखल बसलं. साहेबांनी इतक्या वर्षांपूर्वी लिहिलेलं खोटं त्या दिवशी पहिल्यांदा खरं झालं. आमच्या गल्लीत उघडं गटार नाही. तिथे कोणी पडूच शकत नाही.

साहेबांना हे आठवड्याभराने कळलं. कामावर असताना पडलो असं सिद्ध झालं तर रजा भरपगारी, नाहीतर गैरहजेरी. त्यांच्याच ऑफिसने त्यांना विचारलं, कुठे पडलात? ते म्हणाले गटारात. ऑफिसने सांगितलं की त्या गल्लीतलं गटार झाकलेलं आहे, तुमचीच सही आहे, माणूस पाठवून बघून घेतलं, झाकणं जागेवर आहेत. हाड हा तुमचा खाजगी प्रश्न आहे. हे वाक्य साहेबांनीच ऑफिसात रुळवलं होतं. तरी ऑफिसने माणुसकी दाखवली. गल्लीतल्या तिन्ही प्रार्थनास्थळांनी लिहून दिलं की हे पडले, तर विचार करू म्हणाले.

पुरस्कार त्यांनाच मिळाला. पण पाय प्लास्टरमध्ये का आहे हे सांगता येईना, म्हणून ते घ्यायला गेले नाहीत. त्यांच्या वतीने तिघं जाऊन घेऊन आले. चांगला जड आहे. आत्या कापड कापताना टेबलावर ठेवते, कापड हलत नाही.

मग साहेब कुबडी घेऊन देवळात गेले. बुवा म्हणाले, माझी काही हरकत नाही, पण त्या दोघांची आहे. मशिदीत गेले. मौलाना म्हणाले, माझी नाही, बाकी दोघांची आहे. चर्चमध्येही तेच. आणि यात खोटं काही नाही. तशी व्यवस्थाच केलेली आहे. साहेब ज्याच्या दारात जातील त्याने तेवढ्यापुरती आपली हरकत मागे घ्यायची आणि साहेब गेले की पुन्हा नोंदवायची. कोणाची हरकत कुठे पोचली आहे हे मी फोनवरून सगळ्यांना कळवत असतो. मौलानांनी ही पद्धत दोनदा तपासून घेतली.

शेवटी साहेब एके दिवशी आमच्या दुकानात आले तेव्हा तिघंही तिथेच होते, हिवाळ्याच्या कपड्यांच्या मापासाठी, टाचण्या लावून. साहेबांनी दारातून विचारलं, आत येऊन बसू का. फादरच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हरकत नाही."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "हरकत नाही म्हणालात. सगळ्यांसमोर म्हणालात."

"बसायला," बुवा घाईने म्हणाले. "बसायला हरकत नाही म्हणाले ते." फादरना घाम फुटला. हलता येत नव्हतं, म्हणून तो तसाच खाली आला.

साहेब बसले. त्यांची कुबडी आणि आत्याची काठी शेजारी शेजारी भिंतीला टेकल्या.  मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला गल्ली म्हणते तसं म्हटलं.

"आत्या, तुम्हाला काय हवंय?"

"जे पहिल्या दिवशी मागितलं तेच," आत्या म्हणाली. "मी पडले असं लिहा. तुम्ही माझं लिहा, आम्ही चौघं तुमचं लिहितो. आत्ता, इथेच."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी श्वास रोखला, बुवांनी रोखला, टाचण्यांनी रोखला. पण आत्या पडली असं लिहायचं तर झाकण नव्हतं असं लिहावं लागतं. झाकण नव्हतं म्हटलं की ते कुठे होतं हे आलं, आणि ते विचारत विचारत माणसं झेंडूच्या रोपांपर्यंत पोचतात. साहेबांनी टोपण परत लावलं.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग तोंडात टाचण्या धरल्या आणि बुवांच्या बाहीकडे वळली.

साहेबांनी जाताना अर्ज ठेवला. खिशात चुरगळला होता, म्हणून मी त्यावर इस्त्री फिरवली. तो पुरस्काराखाली ठेवलेला आहे. तो असा:

प्रति, आत्या, पुजारीबुवा, मौलाना व फादर, सर्व राहणार गल्लीत.

विषय: मी पडलो असल्याबाबत.

महोदया व महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की, आपल्या गल्लीत अस्तित्वात नसलेल्या उघड्या गटारात, व्यवस्थित बसवलेल्या झाकणावरून, खाली सही करणार हा प्रत्यक्ष पडलेला आहे. तरी याच ठिकाणी यापूर्वी अन्य कोणीही पडलेले नाही ही वस्तुस्थिती कायम ठेवून, मी तेवढा एकटा पडलो असा दाखला आपणा सर्वांच्या सहीने मिळावा, ही नम्र विनंती.